कुंकू लावलेलं इंजिन

वारूळवाडी,
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय भागूनानांना अश्विनीचा नमस्कार.

ओळखलंत ना? रखमाजींची सून. नारायणगावच्या तुमच्या गॅरेजात मामंजींबरोबर यायची आणि गाडीखाली डोकं घालून प्रश्न विचारून तुम्हाला भंडावून सोडायची, तीच. तुमचा फोन आठ दिवस बंद लागतोय. शेवटी डिंभ्याहून मासळी घेऊन येणाऱ्या पप्पूला बाजारात गाठलं. तो म्हणाला, "वयनी, चिठ्ठी द्या, आठवड्यातनं दोनदा जातोच हाय मी."

नाना, आपला दहाचाकी ट्रक गेला. गेल्या महिन्यात चंदनापुरीच्या घाटात इंजिन फुटलं. धाडकन आवाज झाला आणि आतला रॉड इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकला भगदाड पाडून बाहेर आला. गाडी मीच चालवत होते. मामंजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं मीच चालवतेय, हेवी लायसन काढलंय. आमचे हे चाकणला कंपनीत, त्यांना स्कूटर धड चालवता येत नाही.

ब्लॉकच फुटल्यावर दुरुस्ती कशाची? जुनंच पण दुसरं इंजिन बघायला हवं. पाडव्याला टोमॅटोचा पहिला लोड भरायचा शब्द मी व्यापाऱ्याला देऊन बसलेय. मामंजी म्हणतात, पाडव्यापर्यंत गाडी रस्त्यावर आली तर ठीक, नाही तर भंगारात. गाडी गेली की मीही घरात बसले. मला नाही हो घरात बसवत.

सगळा बाजार सांगतो, भागू मिस्त्रीनं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली की इंजिन पोटातलं सगळं ओकतं. हायवेच्या कडेला मोहितशेठचं जुन्या इंजिनांचं यार्ड आहे. एकदा येऊन ऐकून जाल का?

तुमची,
अश्विनी


डिंभे,
१५ फेब्रुवारी

चि. सौ. अश्विनीस भागूचा आशीर्वाद.

चिठ्ठी पोचली. पप्पूनं मासळीच्या क्रेटवर ठिवली व्हती, म्हणून शाई फुटलीय आन आमचं मांजर सकाळपासनं माझ्या खिशामागं फिरतंय. पण वाचली. बाईमाणूस दहाचाकी चालवतंय हे वाचून आमच्या मंडळीनं, लंकाबाईनं, शेजारपाजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं.

डिंभ्यात फोनला रेंज न्हाई, म्हणून तो बंद करून फडताळात टाकलाय. चिठ्ठीच बरी. आन मला काय यायला जमायचं न्हाई. म्हैस व्यायला झालीय.

पण घाबरू नगं. तूच बघ, तुला कळंल. शेठला न सांगता जा. गेल्या गेल्या काय बोलायच्या आत इंजिनाला हात लाव. गार पायजे. गरम लागलं तर गिऱ्हाईक यायच्या आधीच चालवून ठिवलंय, म्हंजे गार असताना ते चालू व्हायला तरास देतंय. मग ऑइलची पट्टी वढून बघ. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. मग चालू करायला लाव, ऑइल वतायचं झाकण काढ आन त्याच भोकावर उलटं ठेव. गप बसलं तर आतल्या पिस्टनच्या रिंगा चांगल्या. नाचायला लागलं तर रिंगा झिजून आतली हवा वर येतीय, तू तिथनं नीघ. धूर निळा असला तर ऑइल जळतंय.

नव्या रंगाला भुलू नगं. इंजिनाला रंग कोण आन का लावतं, याचा इचार कर.

भागू


वारूळवाडी,
२० फेब्रुवारी

नाना, नमस्कार.

गेले न सांगता. मोहितशेठनं निळ्याशार रंगाचं एक इंजिन दाखवलं, अगदी नवरदेवासारखं नटवलेलं. मी पहिल्यांदा हात लावला. सकाळचे नऊ आणि इंजिन कोमट! शेठ म्हणतो, "उन्हानं तापलं असंल ताई." इंजिन पत्र्याच्या शेडमध्ये, ऊन पार त्या टोकाला. मी म्हटलं, "शेठ, तुमच्याकडचं ऊन वळणं घेत येतं वाटतं."

ऑइल दुधाळ नव्हतं, पण काकवीसारखं घट्ट. झाकण उलटं ठेवलं तर थडथड नाचलं आणि दोन मिनिटांनी उडून खाली पडलं. शेठनं ते घाईघाईनं खिशातच घातलं.

पण नाना, आवाज मात्र इतका गोड होता की सांगता सोय नाही. दुसरं काही मनात भरेना. पाडवा जवळ येतोय. झाकण नाचलं तर नाचलं, घेऊन टाकू का? तुम्ही एकदा येऊन ऐका ना. म्हैस व्याली का?

अश्विनी


डिंभे,
२३ फेब्रुवारी

चि. अश्विनी,

अजिबात घ्यायचं न्हाई! घट्ट ऑइल भरलं की झिजलेलं इंजिन बी गोड बोलतं. पहिल्या घाटात त्याचं खरं रूप दिसंल. झाकण उडालं तवाच तू निघायला पायजे व्हतंस. कोमट लागलं हे तू वळखलंस, तिथं मी खूश झालो. हात तुझा शाणा हाय, कान तेवढा भोळा हाय.

दुसरं बघ. न रंगवलेलं, कोपऱ्यात पडलेलं, शेठ ज्याच्याकडं बघत बी न्हाई असलं बघ.

म्हैस अजून व्याली न्हाई. अडलीय.

भागू


वारूळवाडी,
३ मार्च

नाना,

घोळ झालाय. मोठा घोळ. शांतपणे वाचा.

काल रविवार. मामंजी काठी टेकत म्हणाले, मीही येतो यार्डात. सासूबाई म्हणाल्या, मग येताना ओझरच्या गणपतीला जाऊ, म्हणून त्याही हळदीकुंकवाचा करंडा आणि नारळ घेऊन निघाल्या. साळूबाई काय चीज आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. गाडी, विहीर, उखळ, मिक्सर, काही दिसलं की हात जोडतात.

मी आणि मामंजी शेठशी बोलत होतो. सासूबाई एकट्याच यार्डात फिरत गेल्या. कोपऱ्यात तेलानं माखलेलं, धुळीनं भरलेलं एक इंजिन. त्यावर कुणीतरी कधी काळी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक. बाईंना गलबलून आलं. "अगं, हिला कुणीतरी दर दसऱ्याला पुजायचं की! औंदा दसरा तसाच गेला गं हिचा." असं म्हणून यांनी काय करावं? जुन्या स्वस्तिकावर नवं कुंकू रेखलं, हळद वाहिली, नारळ फोडला आणि वर पदर घेऊन नमस्कार केला.

नारळाचा आवाज ऐकून अख्खं यार्ड गोळा झालं. मोहितशेठ टाळ्या पिटत म्हणाला, "चला! कुंकू लागलं, सोयरीक पक्की!" लगेच पेढे आले. त्याच इंजिनासाठी आळेफाट्याचा एक माणूस येऊन बसला होता, त्याला शेठनं सगळ्यांसमोर सांगितलं, "पावणं, उशीर झाला. हिचं लगीन ठरलं."

मी म्हटलं, अहो, आम्ही चालवून तरी बघितलंय का? पण मामंजी उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या घरच्या बाईनं चारचौघांत कुंकू लावलंय. आता माघारी फिरायचं न्हाई." झालं. आता हेच इंजिन, नाही तर कुठलंच नाही. आतून कसं आहे देव जाणे. सासूबाई घरी येऊन शांतपणे पेढा खातायत आणि मला म्हणतात, "बघ, गुणाची निघंल."

नाना, म्हैस शेजाऱ्यांवर सोपवा आणि या.

अश्विनी


डिंभे,
६ मार्च

चि. अश्विनी,

चिठ्ठी वाचून इतका हसलो की लंकाबाई चुलीपासनं उठून आली. साळूवयनीला माझा दंडवत सांग.

आता मी इचारतो ते नीट बघून ये. ते जुनं स्वस्तिक नेमकं कुठं हाय? वरच्या कव्हरावर असलं तर उपयोगाचं न्हाई, ते कव्हर वरच्या झडपांची टॅपेट जुळवताना कुणीबी काढतं. पण बाजूला, वरचं हेड आन खालचा ब्लॉक जिथं जुळतात त्या सांध्यावर असलं तर तुझ्या सासूनं लाखाची गोष्ट हुडकलीय. कुंकू तेलात भिजून इंजिनाच्या गरमीनं खपलीवानी घट्ट बसतं. दर दसऱ्याला नवा थर. हेड कुणी उचललं असतं तर सांध्यावरची खपली फुटली असती आन स्वस्तिकाचं वरचं निम्मं खालच्या निम्म्याला जुळलंच नसतं. जुळत असंल तर इंजिन कवा खोललेलंच न्हाई. कडंला नखानं खरडून थर मोज.

मग चालू करून झाकणाचं बघ, धुराचं बघ. पहार घेऊन पुढची पुली मागंपुढं ढकलून बघ, खटखट वाजली न्हाई पायजे. इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून घे, आरटीओत तो आपल्या गाडीवर चढवायला लागंल.

मला यायला जमत न्हाई. म्हशीचं तुला ठाऊकच हाय.

भागू


वारूळवाडी,
१० मार्च

नाना,

स्वस्तिक सांध्यावरच आहे! वरचं निम्मं हेडवर, खालचं निम्मं ब्लॉकवर, रेघ कुठेही तुटलेली नाही. नखानं कड खरडली तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर निघाले. सासूबाईंचा सोडून नऊ. नऊ दसरे! खाली कंपनीचा मूळचा रंग. शेठला खोदून विचारलं तेव्हा कळलं, संगमनेरकडच्या एका नवरा-बायकोची गाडी होती. ढाब्यावर उभी असताना मागून कुणीतरी ठोकली, चेसिस वाकली, म्हणून मोडीत आली.

बाकीचंही केलं. हात लावला, गार. चालू केलं, दुसऱ्या दमात उठलं. झाकण उलटं ठेवलं, जरासं थरथरलं आणि गप्प बसलं. धूर सुरुवातीला पांढरा, मग नाहीसाच झाला. पुली ढकलली, खटखट नाही. इंजिनाचा नंबर कागदाशी जुळला. शेठ म्हणाला, "ताई, तुमी मिस्त्रीच्या घरात जन्मला व्हता काय?"

पण एक आहे. आतून एक टकटक येते. बारीक. कधी वाटतं टॅपेटची, कधी वाटतं खालच्या बेअरिंगची. टॅपेटची असली तर पान्याचं काम. बेअरिंगची असली तर पुन्हा चंदनापुरीचा घाट. मामंजी म्हणतात टॅपेट. शेठ म्हणतो काहीच नाही, आणि बेअरिंगचं खरं-खोटं करणारं यार्डातलं ऑइल प्रेशरचं मीटर तर कधीचं तुटलेलं. मला तर काल रात्रभर स्वप्नातही टकटकच ऐकू येत होती. हे तुमच्या कानाशिवाय सुटायचं नाही.

आणि आता स्पष्टच विचारते, रागावू नका. पप्पू म्हणतो डिंभ्यात रेंज फुल आहे, धरणावर बसून तो अख्खी मॅच बघतो. तोच म्हणतो, भागूनानाच्या दारात दोन शेळ्या आहेत, म्हैस त्यानं जन्मात बघितली नाही.

मला कारण कळलंय. मामंजी अडीच वर्षांपूर्वी चहाच्या टपरीवर तुम्हाला टाकून बोलले, त्याचा राग आहे ना? तुम्ही म्हणाला होतात, ऑइल पंप घरघरतोय, खोलून बघ. ते म्हणाले, "मिस्त्री, म्हातारा झालास, नसलेले आवाज ऐकायला लागलास." त्यानंतर तुम्ही गॅरेजच बंद करून डिंभ्याला गेलात. त्या बोलण्याची मलाही लाज वाटते. मी त्यांच्या वतीनं माफी मागते.

होळीच्या पुरणपोळ्या पप्पूबरोबर पाठवतेय. मासळीपासून लांब ठेवायला सांगितलंय.

अश्विनी


डिंभे,
१३ मार्च

चि. अश्विनी,

पोळ्या पोचल्या. वास जरा धरणाचा आला, पण गोड व्हत्या.

तू बराबर वळखलंस. म्हैस न्हाई. राग हाय. लई राग हाय. तुझी माफी मला नगं, तू काय केलंस? ज्यानं चार माणसांत म्हटलं त्यानं सोता माफी मागावी, मग मी येतो. तोवर डिंभ्याच्या बाहेर पाय टाकणार न्हाई.

रखमाजीला मी तीस वरसं वळखतो. त्यानं जन्मात कुणाची माफी मागितलेली न्हाई. तवा तू दुसरा मिस्त्री बघ पोरी.

भागू


वारूळवाडी,
१५ मार्च

भागूस रखमाजीचा रामराम.

मी काय चिठ्ठ्या लिहीत नाय. सुनेनं पेन हातात दिलाय आन समोर बसलीय.

फुटलेलं इंजिन खोललं तवा ऑइल पंप बाहेर काढला. आतली गिअरं पार झिजून गेलेली. तू सांगितलं तेच व्हतं. पंप मेला म्हणून बेअरिंग जळालं, बेअरिंग जळालं म्हणून रॉड तुटला. तुझं ऐकलं असतं तर इंजिन आज जितं असतं आन पोरीच्या जिवावर बी बेतलं नसतं. हे पंपाचं तुला कळवायला पायजे व्हतं. माझ्यानं धीर झाला नाय.

चार माणसांत बोललो व्हतो, म्हणून काल त्याच टपरीवर जाऊन चार माणसांत सांगितलं, भागूचं खरं व्हतं, मी येडा. धुळवड व्हती, म्हणून चार काय, पंधरा माणसं व्हती. चहा मीच पाजला.

चुकलो. आता ये.

रखमाजी


डिंभे,
१७ मार्च

चि. अश्विनी,

ही चिठ्ठी तिसऱ्यांदा लिहितोय. दोन फाडल्या.

तुझ्या सासऱ्यानं मला पार कोंडीत धरलं गं! मला वाटलं, हा गडी सात जन्मांत माफी मागायचा न्हाई, म्हंजे मला यायला लागणार न्हाई. आन ह्यानं मागितली की! वर पंधरा माणसांना चहा पाजला. आता मी काय सांगू?

राग न्हाई. कवाच न्हवता. रेंज बी हाय. खरं असं हाय की मला ऐकू येत न्हाई.

तीन वरसांपूर्वी कानात रातकिडे ओरडायला लागले. मग एकेक आवाज जायला लागला. आधी पाखरं गेली, मग बायामाणसांचं बोलणं, मग इंजिन. रखमाजी टपरीवर बोलला तवा मला राग न्हवता आला, मी घाबरलो व्हतो. मला वाटलं ह्याचं खरं असंल, पंपाची घरघर माझ्याच कानातली असंल. दुसऱ्या कुणाच्या गाडीला खोटं सांगून खड्ड्यात घालायच्या आधी गॅरेजला कुलूप लावलेलं बरं, म्हणून आलो निघून.

हे लंकाबाई आन नात जया सोडून कुणाला ठाऊक न्हाई. जया दवाखान्यात चला म्हणून रोज भांडती. मी जात न्हाई. डाक्टरनं कागदावर लिहून दिलं की मग मी कागदोपत्री बहिरा. आत्ता निदान चिठ्ठीत तरी मी भागू मिस्त्री हाय. तू परश्न इचारायचीस, मी उत्तर द्यायचो, त्यात मला कान लागत न्हवता. ह्या महिन्याभरात मला लई बरं वाटलं पोरी. म्हणून खोटं बोललो.

पंपाचं वाचून मातर रडलो. म्हंजे तो आवाज खराच व्हता. माझा कान शेवटपर्यंत खरं बोलला.

तुझ्या टकटकीचं मी सांगू शकत न्हाई. दुसरा मिस्त्री बघ. मला माफ कर.

भागू


वारूळवाडी,
१९ मार्च

नाना,

चिठ्ठी वाचून मी ओट्याशी उभी राहून रडले. मामंजींनी ती हातातून ओढून घेतली आणि चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाले, "त्याला सांग, तू बहिरा व्हायला लागलेला असताना जे ऐकलंस ते आमाला धडधाकट कानांनी ऐकू आलं नाय." एवढं बोलून गोठ्यात गेले, गुरांना आधीच घातलेला चारा पुन्हा घालायला.

दुसरा मिस्त्री मी बघणार नाही. का, ऐका. निळं इंजिन गोड बोलत होतं, ते नाकारलंत तुम्ही, डिंभ्यात बसून. स्वस्तिकाचा सांधा वाचलात तुम्ही, डिंभ्यात बसून. आवाजानं मला फसवलं होतं, तुम्हाला नाही. कान घरी ठेवा आणि हात घेऊन या. कान मी होईन. टकटक कुठून येते ते मी बोटानं दाखवीन, तुम्ही हात लावून बघा. आपण दोघं मिळून एक मिस्त्री होऊ.

आणि चुकलं तर? चुकलं तर चुकलं. गाडी माझी, घाट माझा. तुमच्यावर बोट ठेवणाऱ्याला मी बघून घेईन.

शनिवारी सकाळी पप्पू दारात येईल. तुम्हाला पुढच्या सीटवर बसवायचं, मासळी मागे, असं बजावून ठेवलंय. लंकाबाईंना सांगा, जेवायला इकडेच.

अश्विनी


वारूळवाडी,
१ एप्रिल

नाना,

पाडव्याला लोड भरला! आठ दिवसांत इंजिन बसवलं, कागदपत्रं झाली, रविवारी सकाळी गुढी उभारून मी गाडी काढली ती रात्री परत आले. चंदनापुरीचा घाट भरल्या गाडीनं तिसऱ्या गिअरमध्ये चढले. जिथं फुटलं होतं तिथं थांबून सासूबाईंनी दिलेला नारळ फोडला आणि निम्मं खोबरं तिथल्याच एका पंक्चरवाल्याला दिलं. व्यापाऱ्याचे पुढचे चार लोड पक्के. मामंजींनी भंगारवाल्याला फोन करून सांगितलं, "आता मी मेल्यावर बी येऊ नगंस."

पण नाना, त्या शनिवारचं मला अजून कळलेलं नाही. यार्डात इंजिन चालू झालं. तुम्ही सवयीनं स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावलीत, आणि तुमचा चेहरा असा पडला की मला वाटलं उगीच बोलावलं या माणसाला. मग मी टकटकीची जागा बोटानं दाखवली. तुम्हाला दोन्ही हातांनी चाचपायचं होतं, म्हणून तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर आडवा-तिडवा कसातरी दातात धरलात आणि वाकलात. आणि थांबलात. मूठ दातात, टोक इंजिनाला टेकलेलं, आणि तुम्ही पुतळ्यासारखे. मोहितशेठ म्हणाला, "काकांना शॉक बसला का काय?" मला वाटलं दात पडला. तर तुमच्या डोळ्यांतून पाणी, आणि दातात ते धरूनच हसताय!

मग टोक इकडे टेकव, तिकडे टेकव, पार खालच्या चेंबरपर्यंत. अर्धा तास. उठलात, "टॅपेट हाय, तीन नंबरचं. घे," एवढंच म्हणालात आणि पप्पूच्या गाडीत जाऊन बसलात. जेवायलाही थांबला नाहीत. सासूबाई अजून त्यावरून माझ्याशी भांडतात.

टॅपेट तीन नंबरचंच निघालं. पान्यानं दोन मिनिटांत टकटक गेली. पण तुम्हाला कसं कळलं? झालं काय होतं?

अश्विनी


डिंभे,
६ एप्रिल

चि. सौ. अश्विनीस भागूचा लई लई आशीर्वाद.

साळूवयनीची माफी माग. थांबलो असतो तर तुमच्या सगळ्यांम्होरं लहान पोरावानी रडलो असतो, म्हणून पळालो.

काय झालं ते सांगतो. मूठ दातात आली, टोक इंजिनाला टेकलं आन माझ्या डोक्यात इंजिन वाजायला लागलं! कानातनं न्हाई, दातातनं. जबड्यातनं वर टाळूपर्यंत. सहाच्या सहा सिलिंडर येगळे, एकामागनं एक. अडीच वरसांनी. खालची बेअरिंगं कशी, तर गप आपापल्या जागी, एकबी हलत न्हाई. पंप एकसुरी. वर तीन नंबरला तेवढी एक टकटक, आगाऊ पोरगी मागं बसून बडबडावी तशी. तू गाडीखाली डोकं घालून बडबडायचीस, तशी. मी मुद्दाम अर्धा तास लावला. टॅपेट मला दुसऱ्याच मिनिटाला कळलं व्हतं. बाकीचा येळ मी नुसतं ऐकत व्हतो.

घरी आलो तर लंकाबाई कानाशी वरडून म्हणती, मग आता माझं बोलणं बी दातात पळी धरून ऐका. जयानं मातर एक शब्द बोलू दिला न्हाई. दुसऱ्या दिशी मंचरला दवाखान्यात नेलं. म्या डाक्टरला दाताचं सांगितलं. तो म्हणाला, बाबा, मग आतली नस जिती हाय, वाट तेवढी बंद झालीय. मशीन लावा, ऐकू येईल. परवा बसवलं. पहिल्यांदा काय ऐकलं असंल? शेळी. नुसतं बँ बँ! मी शेळीला मिठी मारली, ती मला शिंग मारून गेली.

वारूळवाडीला दर मंगळवारी येईन म्हणतो. गॅरेज उघडत न्हाई, पण तू गाडी उभी करत जा, मी बघत जाईन. आन ह्या दसऱ्याला अकरावा थर बी साळूवयनीच्याच हातचा. सांध्यावरच काढायला सांग. ते हेड आपण उचलणार न्हाई.

फडताळातला फोन काढून चालू केलाय. नंबर तोच हाय. तू लाव. पण लावलास की लगीच बोलू नगं. आधी बॉनेट उघड, इंजिन चालू कर आन फोन तिथं धर. घटकाभर मला ऐकू दे. मग तुझं बोल.

भागू मिस्त्री